फ्लूने खरे किती मेले? पावणेदोनशे वर्षांपूर्वी हा हिशेब मांडणारे डॉ. विल्यम फार

१८४७ चा नोव्हेंबर संपत आला तेव्हा लंडनमध्ये फ्लूची साथ जोरात होती. धुकं, कडाक्याची थंडी आणि घरोघरी खोकला. एरवी त्या शहरात आठवड्याला हजाराच्या आसपास माणसं मरायची. डिसेंबरच्या सुरुवातीला हा आकडा दुपटीच्या पुढे गेला. आता या साथीने नेमके किती मेले? सोपं उत्तर म्हणजे ज्यांच्या नोंदीत कारण फ्लू लिहिलंय तेवढे मोजायचे आणि मोकळं व्हायचं. पण तसे मोजले तर आकडा अगदीच लहान निघत होता. बाकीची वाढलेली मरणं दमा, न्यूमोनिया, छातीचे विकार, म्हातारपण अशा नावांखाली विखुरली होती.

सरकारी नोंदणी कार्यालयातल्या एका डॉक्टरांनी हे सोपं उत्तर घेतलं नाही. त्यांनी कारणांचा रकाना बाजूला ठेवला आणि साधा सवाल केला. साथ आली नसती तर या आठवड्यांत किती माणसं मेली असती? प्रत्यक्षात किती मेली? दोन्हींतली वजाबाकी म्हणजे साथीचा बळी. ती वजाबाकी सुमारे ५ हजार निघाली. कोरोनाच्या काळात आपण सगळ्यांनी ‘अतिरिक्त मृत्यू’ हा शब्द ऐकला, त्यावरून टीव्हीवर भांडणं पाहिली. त्या शब्दामागची पद्धत या माणसाच्या टेबलावर रुजली.

त्यांचं नाव विल्यम फार. आडनाव मराठीत वाचताना जरा घोळ होतो, पण त्याला इलाज नाही. आपण त्यांना डॉ. फार म्हणू.

गरिबाघरचा मुलगा

जन्म ३० नोव्हेंबर १८०७, इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातलं केन्ली हे खेडं. घरची परिस्थिती बेताचीही नव्हे, गरिबीचीच. कुटुंब डॉरिंग्टन गावी आलं तेव्हा तिथल्या जोसेफ प्राइस नावाच्या वयस्कर जमीनदारांचा या पोरावर जीव बसला. त्यांनी त्याला जवळजवळ मुलासारखंच वाढवलं, शिकवलं. पुढे श्रूजबरीच्या इस्पितळात तो सर्जनच्या हाताखाली मलमपट्टीचं काम शिकू लागला. १८२८ मध्ये प्राइस वारले आणि जाताना त्याच्या नावावर ५०० पौंड ठेवून गेले. त्या पैशावर हा तरुण पॅरिसला गेला.

पॅरिसला जाणं हा त्यांच्या आयुष्यातला मोठा वळणबिंदू. त्या काळी डॉक्टर आजारावर सर्रास रक्त काढायचे आणि पेशंट बरा झाला की श्रेय आपल्याकडे घ्यायचे. पॅरिसमधले पिएर लुई हे डॉक्टर मात्र पेशंट मोजत होते. रक्त काढलेले किती जगले, उशिरा काढलेले किती जगले, हे आकड्यांत मांडत होते. न्यूमोनियात रक्त काढण्याचा फारसा उपयोग दिसत नाही, असं त्यांच्या मोजणीतून निघालं. अनुभवी डॉक्टरच्या शब्दापेक्षा मोजणी मोठी, ही गोष्ट आज सरळ वाटते. तेव्हा ती आगाऊपणाची होती. फार यांनी ती तिथे उचलली.

१८३२ मध्ये त्यांना औषधोपचाराचा परवाना मिळाला, १८३३ मध्ये लग्न झालं, लंडनमध्ये दवाखाना थाटला. तो काही चालला नाही. मग लेख लिही, वैद्यकीय मासिकांत काम कर, असं सुरू झालं. १८३७ मध्ये बायको क्षयाने गेली. त्याच वर्षी साम्राज्याच्या आकडेवारीवरच्या एका मोठ्या ग्रंथात त्यांनी जन्म, आजार आणि मृत्यू यांवरचं प्रकरण लिहिलं आणि जाणकारांच्या नजरेत आले. १८३७ हेच वर्ष आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवायचं. त्या जुलैच्या १ तारखेपासून इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रत्येक जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. सॉमरसेट हाऊसमधल्या नव्या कार्यालयात कागदांचे ढीग येऊन पडू लागले. ते समजून घेणारा माणूस हवा होता. फार तिथे रुजू झाले ते चाळीसेक वर्षांसाठी.

भूक हे कारण लिहायचं की नाही?

पहिल्याच अहवालात ठिणगी पडली. १८३७ च्या दुसऱ्या सहामाहीत सुमारे १ लाख ४८ हजार मृत्यू नोंदले गेले होते. त्यातल्या ६३ मृत्यूंचं कारण फार यांनी उपासमार असं दाखवलं. ६३ म्हणजे काय, समुद्रात थेंब. पण गरिबांच्या कायद्याचा कारभार पाहणाऱ्या आयोगाचे सचिव एडविन चॅडविक यांना तेवढंही झोंबलं. इंग्लंडमध्ये कायद्याने गरिबांची सोय असताना लोक भुकेने मरतात हे सरकारी कागदावर यावं कसं? त्यांनी एकेक प्रकरण उकरायला घेतलं.

फार मागे हटले नाहीत. त्यांचं म्हणणं असं होतं की भुकेचा खरा हिशेब या ६३ मध्ये नाहीच. अर्धपोटी माणूस भुकेने मेला असं कोणी लिहीत नाही. तो तापाने, अतिसाराने, छातीच्या आजाराने मेला असं लिहिलं जातं. कागदावरचं कारण खोटं नसतं, पण पुरतं खरंही नसतं. दहा वर्षांनी फ्लूच्या साथीत त्यांनी जे केलं त्याचं बी इथे आहे, असं मला वाटतं.

म्हणून त्यांनी कारणांचा रकाना टाकून दिला असंही नाही. उलट जन्मभर तो सुधारला. एकाच आजाराला गावोगावी वेगळं नाव, एका नावाखाली चार आजार, असा प्रकार होता. त्यांनी रोगांचं वर्गीकरण केलं, १८४५ पासून डॉक्टरांकडे कारण लिहिण्यासाठी छापील दाखले जाऊ लागले. आज जगभर मृत्यूच्या कारणांना जे आंतरराष्ट्रीय सांकेतिक क्रमांक दिले जातात, त्या यादीच्या पूर्वजांत फार यांच्या वर्गीकरणाचं नाव घेतलं जातं.

नेहमीचं मरण म्हणजे किती?

वजाबाकीला दोन आकडे लागतात. मेलेले किती हा एक. नेहमी किती मरतात हा दुसरा. पहिला मोजता येतो. दुसरा ठरवावा लागतो, आणि सगळं भांडण त्याच्यावरच असतं.

फार यांच्याकडे १८४७ पर्यंत लंडनची काही वर्षांची आठवड्यागणिक नोंद होती. म्हणजे नोव्हेंबरच्या अमुक आठवड्यात एरवी किती जातात हे सांगता येत होतं. हिवाळ्यात मरणं वाढतातच, त्यामुळे उन्हाळ्याशी तुलना करून चालत नाही. शहर वाढत होतं, दरवर्षी माणसं जास्त, म्हणून मरणंही थोडी जास्त. तीही भर धरावी लागते. नाहीतर साथ नसतानाही दरवर्षी अतिरिक्त मृत्यू दिसतील. थंडी जास्त पडली तर त्यानेही माणसं जातात. मग ५ हजारांतली किती फ्लूची आणि किती थंडीची? वजाबाकी हे सांगत नाही. ती फक्त एवढंच सांगते की इतकी माणसं नेहमीपेक्षा जास्त गेली. का गेली, ते दुसऱ्या पुराव्याने शोधायचं.

पुढे त्यांनी नेहमीचं या शब्दालाच हात घातला. इंग्लंडचा एकूण मृत्युदर तेव्हा दर हजारी २२ च्या आसपास होता. सरकारच्या दृष्टीने हेच नेहमीचं. पण काही ग्रामीण तालुक्यांत, जिथे पाणी-हवा बरी होती, तिथे दर हजारी १७ च मरत होते. फार म्हणू लागले की १७ हे मोजमाप धरा, त्यावरचं मरण अनैसर्गिक समजा. याआधी त्यांनी आयुर्मानाचे तक्ते काढले होते. सरे परगण्यात जन्मलेल्या बाळाला सरासरी ४५ वर्षं, लंडनमध्ये ३७, लिव्हरपूलमध्ये फक्त २६. लिव्हरपूलमध्ये कुठलीही साथ नसतानाही दरवर्षी साथीएवढी माणसं जात होती, फक्त ती रोजची झाल्यामुळे कोणाला दिसत नव्हती. सरासरीशी तुलना केली की असं होतं: सरासरीच वाईट असेल तर वाईट काही दिसतच नाही.

आपल्याकडे हेच घडलं. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात मुंबई इलाख्यात मृत्यूची नोंद गावपातळीवर पाटलाकडे असायची. कारणाच्या रकान्यात बहुतेकांच्या नावापुढे ताप. मलेरिया ताप, विषमज्वर ताप, इन्फ्लुएन्झाही तापच. त्यामुळे साथीचा बळी काढायला आधीच्या वर्षांशी वजाबाकी करण्यावाचून मार्ग नव्हता. हिंदुस्थानभरच्या बळींचा सुरुवातीचा सरकारी अंदाज ६० लाखांच्या आसपास होता. पुढच्या अभ्यासकांनी जनगणनेचे आकडे आणि सुटलेल्या नोंदी धरून तो सव्वा कोटी ते पावणेदोन कोटींपर्यंत नेला.

आणि कोरोना. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये अंदाज दिला की २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगात सुमारे १ कोटी ४९ लाख अतिरिक्त मृत्यू झाले. देशोदेशीच्या सरकारांनी कोरोनाचे म्हणून दाखवलेले होते सुमारे ५४ लाख. भारतासाठी अंदाज होता सुमारे ४७ लाख. सरकारी आकडा होता ५ लाखांच्या आत. केंद्र सरकारने पद्धतच अमान्य केली. पुढे आपल्याच नागरी नोंदणीचे आकडे आले. २०१९ मध्ये देशात सुमारे ७६ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२० मध्ये ८१ लाख, आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. एका वर्षात २१ लाखांची उडी.

मग ही सगळी उडी साथीची समजायची का? इथे घाई करू नये. आपल्याकडे नोंदणी दरवर्षी सुधारत होती. आधी जे मृत्यू नोंदलेच जात नव्हते ते नोंदले जाऊ लागले की माणसं जास्त न मरताही आकडा वाढतो. सरकारी बाजू यावरच बोट ठेवते, आणि हा मुद्दा खोटा नाही. पण नोंदणी सुधारण्याची चाल हळू असते. एका वर्षात २१ लाख तिने खुलासा होत नाही, असं मला तरी आकडे पाहून वाटतं. उरलेल्यांत कोरोनाने गेलेले आहेत, आणि बेड, डायलिसिस, गाडी, वेळेवरचं औषध न मिळाल्याने गेलेलेही आहेत. अतिरिक्त मृत्यूत दोघंही येतात. कोरोनाचे मृत्यू आणि अतिरिक्त मृत्यू या दोन गोष्टी एक नव्हेत.

सीमाभागातल्या वाचकाला आणखी एक पेच लगेच कळेल. मृत्यूची नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे, माणूस कुठला हे पाहून नव्हे. चंदगडचा पेशंट बेळगावच्या इस्पितळात दगावला तर नोंद बेळगावात. सावंतवाडी-दोडामार्गचा बांबोळीला दगावला तर गोव्यात. एरवी हे चालून जातं. पण २०२० मध्ये सीमेवर नाकाबंदी झाली, पास नसेल तर पलीकडे जाता येईना. जो माणूस आदल्या वर्षी बेळगावच्या आकड्यात गेला असता तो घरीच गेला आणि आपल्या तालुक्याच्या आकड्यात आला. नुसता तालुक्याचा तक्ता पाहणाऱ्याला अलीकडे मृत्यू वाढलेले दिसतील आणि पलीकडे कमी झालेले. दोन्ही राज्यांचे कागद शेजारी ठेवल्याशिवाय खरं काय ते समजणार नाही, आणि ते शेजारी ठेवण्याची तसदी कोण घेतं?

साथीची कमान

साथ किती मोठी हे मोजल्यावर लोक विचारतात, संपणार कधी? फार यांनाही हा मोह झाला. देवीच्या साथीचे तिमाही आकडे त्यांनी १८४० मध्ये मांडले तेव्हा त्यांना एक कमान दिसली: आकडे चढतात, चढण्याचा वेग मंदावतो, माथा येतो आणि मग जवळपास तशीच उतरण. याला पुढे फारचा नियम असं नाव पडलं.

१८६६ मध्ये इंग्लंडात गुरांची भयंकर साथ होती. आपल्याकडे जिला बुळकांडी म्हणायचे, तीच. संसदेत काही पुढारी सर्वनाशाची भाषा करत होते. फार यांनी फेब्रुवारीत एका वर्तमानपत्राला पत्र लिहून सांगितलं की चढण्याचा वेग मंदावतोय, साथ लवकरच माथ्यावर येऊन उतरेल. वैद्यकीय वर्तुळात थट्टा झाली. साथ मात्र खरंच उतरली, त्यांच्या अंदाजापेक्षाही झपाट्याने. पण त्याच सुमारास आजारी गुरं मारून टाकण्याचा कायदाही झाला होता. मग साथ नियमाने उतरली की कायद्याने? फार यांचे चाहते हे जरा झाकतात.

कारण कमान हा काही निसर्गाचा करार नाही. १९९० मध्ये अमेरिकेत दोन अभ्यासकांनी हाच नियम एड्सला लावून एकूण रुग्ण सुमारे २ लाखांवर थांबतील असा अंदाज छापला. दशक संपेपर्यंत तिथला आकडा ७ लाखांच्या पुढे गेला होता. कोरोनातही अमुक तारखेला साथ संपेल असे आलेख व्हॉट्सअपवर फिरले, ते कशावर काढले होते हे वाचकांना आता कळेल.

आकडा बरोबर, अर्थ चुकीचा

कॉलऱ्याची गोष्ट फार यांच्या चरित्रात सर्वांत मोठी. १८४९ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये कॉलऱ्याने ५३ हजारांवर माणसं गेली, त्यातली १४ हजारांवर लंडनची. फार यांनी तीन वर्षं खपून १८५२ मध्ये त्यावर अहवाल काढला. लंडनची वस्ती जमिनीच्या उंचीप्रमाणे मांडली तेव्हा विलक्षण शिस्त दिसली. थेम्सच्या पातळीपासून २० फुटांच्या आत राहणाऱ्यांत दर १० हजारी १०२ मृत्यू. २० ते ४० फुटांवर ६५. त्याच्या वर ३४, मग २७, मग २२, मग १७. इतकी सरळ उतरण सहसा कुठे मिळत नाही.

त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांप्रमाणे फार मानायचे की घाणीतून उठणारी दूषित हवा कॉलरा आणते. नदीकाठी घाण जास्त, हवा जड, म्हणून मरणं जास्त. उंचावर हवा स्वच्छ. आकडे त्यांच्या समजुतीत असे चपखल बसले की दुसरं कारण शोधायची गरजच वाटेना. एक गोष्ट त्यांच्याच तक्त्यात होती: सखल भागातले लोक थेम्सचं मैलामिश्रित पाणीच पीत होते.

डॉ. जॉन स्नो हे त्यांच्याच काळातले लंडनचे डॉक्टर. कॉलरा पाण्यातून येतो असं ते म्हणत. त्यांना पुरावा मिळाला तो १८५४ च्या साथीत, आणि त्यासाठी लागणारी मृतांची यादी आणि पत्ते दिले फार यांच्या कार्यालयाने. दक्षिण लंडनमध्ये एकाच गल्लीत दोन कंपन्यांचे नळ होते. लॅम्बेथ कंपनीने पाणी घेण्याची जागा शहराच्या वर, स्वच्छ भागात हलवली होती. साउथवर्क आणि वॉक्सहॉल कंपनी शहरातलंच पाणी देत होती. स्नो यांनी घरोघरी जाऊन नळ कोणाचा ते विचारलं. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवर्कच्या दर १० हजार घरांमागे ३१५ मृत्यू, लॅम्बेथच्या ३७. हवा तीच, गल्ली तीच, उंची तीच.

तरीही फार वळले नाहीत. साथीची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीत ते होते, आणि त्या समितीने १८५५ मध्ये स्नो यांचं म्हणणं बाजूला सारलं. पाण्याचा काही हात असेल इथपर्यंत फार यायचे, पण हवा सोडायचे नाहीत. १८५८ मध्ये स्नो वारले. आपलं म्हणणं मान्य झालेलं त्यांना पाहायला मिळालं नाही.

१८६६ च्या उन्हाळ्यात कॉलरा पुन्हा आला. या वेळी लंडनचा बराचसा भाग वाचला आणि मरणं पूर्व भागातल्या गरीब वस्त्यांत एकवटली. फार यांनी आठवड्याचे आकडे आता पाणी कोणती कंपनी पुरवते त्याप्रमाणे लावले. ईस्ट लंडन वॉटर कंपनीच्या हद्दीवर बोट गेलं. कंपनीच्या इंजिनिअरने वर्तमानपत्रात छापून आणलं की न गाळलेलं पाणी आम्ही देतच नाही. पण लोकांच्या नळात चक्क वाम मासे सापडले, आणि वाम गाळणीतून कशी येईल? अखेर उघड्या तलावांतलं न गाळलेलं पाणी सोडलं गेल्याचं बाहेर आलं. त्या वर्षी लंडनमध्ये साडेपाच हजारांवर माणसं कॉलऱ्याने गेली, बहुतेक त्या पूर्व भागातली. १८६८ च्या अहवालात फार यांनी पाण्याकडे बोट दाखवलं, स्नो यांचं श्रेय त्यांना दिलं आणि कंपन्यांवर कडक शब्दांत लिहिलं.

चौदा वर्षं लागली. मोजणी पहिल्या दिवसापासून नीट होती, तिचा अर्थ मात्र चुकत होता. पण त्यांनी सगळे आकडे उघड्यावर छापले होते, न पटणाऱ्या माणसाला पत्ते दिले होते. म्हणून चूक सापडली.

नाइटिंगेलबाई, इस्पितळं आणि हिंदुस्थान

क्रिमियाच्या युद्धातून परतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५६ मध्ये फार यांना भेटल्या. पुढची वीसेक वर्षं दोघांचा पत्रव्यवहार चालला. सैन्यातले शिपाई लढाईपेक्षा आजाराने जास्त मरतात, एवढंच नव्हे तर शांततेच्या काळात बराकीतला धडधाकट शिपाईसुद्धा त्याच वयाच्या नागरिकापेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने मरतो, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. पुन्हा तीच रीत: एरवी किती मेले असते?

या जोडीने एकदा घोटाळाही केला. १८६३ मध्ये नाइटिंगेलबाईंच्या पुस्तकात फार यांच्या आकड्यांवरून छापलं गेलं की लंडनच्या २४ इस्पितळांत दर १०० रुग्णांमागे ९० हून अधिक मृत्यू. डॉक्टर मंडळी भडकली, आणि त्यांचं बरोबर होतं. फार यांनी वर्षभरातले मृत्यू घेतले होते आणि भागलं होतं जनगणनेच्या एका दिवशी खाटेवर असलेल्या रुग्णांनी. वर्षभरात त्या खाटांवर कितीतरी रुग्ण येऊन बरे होऊन गेले, ते हिशेबातच नव्हते. छेद चुकला की अंश कितीही खरा असो, उत्तर भलतंच येतं. कोरोनात मृत्युदराचे जे उलटसुलट टक्के ऐकले त्यातला निम्मा गोंधळ या छेदाचाच होता.

हिंदुस्थानातल्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणारा शाही आयोग १८५९ मध्ये नेमला गेला, त्यात फार सदस्य होते. १८६३ च्या अहवालात आकडा आला: इथल्या गोऱ्या शिपायांत दर हजारी वर्षाला ६९ मृत्यू. हवामानच तसं, गोऱ्याला इथलं ऊन सोसत नाही, अशी समजूत होती. आयोगाने बोट ठेवलं ते पाणी, गटारं, दाटीच्या बराकी आणि दारूवर. बेळगाव, पुणे, महू, सिकंदराबाद इथे तेव्हा गोऱ्या पलटणी असायच्या. या छावण्यांमधले रुंद रस्ते आणि मोकळ्या जागा पाहताना हा आकडा आठवावा. छावणीच्या भिंतीबाहेर राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी मात्र असा बारकाईचा हिशेब त्या वेळी कोणी मांडला नाही. त्यांचे मृत्यू तेव्हा पुरते नोंदलेही जात नव्हते.

शेवटची वर्षं

१८४२ मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं होतं. आठ मुलं झाली. १८५५ मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं. पण ज्या कार्यालयाला त्यांनी नाव मिळवून दिलं त्याचे ते प्रमुख कधी झाले नाहीत. १८७९ मध्ये प्रमुखपद रिकामं झालं तेव्हा सगळ्यांना वाटत होतं की आता तरी फार. नेमणूक झाली सर ब्रिजेस हेनिकर यांची, ज्यांचा या विषयाशी फारसा संबंध नव्हता. वयाच्या बहात्तराव्या वर्षी, १८८० च्या सुरुवातीला, फार यांनी राजीनामा दिला. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने सुवर्णपदक दिलं, सरकारने एक किताब दिला.

पैसा नीट गुंतवणं मात्र त्यांना जमलं नव्हतं. देशातल्या प्रत्येक वयाच्या माणसाला आणखी किती वर्षं आहेत याचा तक्ता मांडणाऱ्या या गृहस्थांच्या मुलींसाठी शेवटी मित्रांना वर्गणी काढावी लागली. १४ एप्रिल १८८३ रोजी ते वारले. ब्रॉमली कॉमन इथे त्यांना पुरलं. दोन वर्षांनी त्यांचे सहकारी नोएल हम्फ्रीज यांनी त्यांचे विखुरलेले अहवाल एका जाडजूड ग्रंथात गोळा केले. लंडनमधल्या उष्णकटिबंधीय आरोग्यशास्त्राच्या महाविद्यालयाच्या इमारतीवर सुरुवातीला २३ नावं कोरली होती. त्यात फार आहेत, जॉन स्नो मात्र नाहीत.